सोलमधील चार दिवस : कांद्या-लसणाविना कोरियन ताट

कोरियन मालिका आणि कोरियन गाणी आपल्या घरांतील मुलांच्या ओठी रुळली, त्यालाही आता काही वर्षे झाली. त्यांच्या मागोमाग तेथील खाणेही आले. कॉलेजात जाणारी नात आजीला विचारते, "आजी, रामयॉन करू का?" आणि आजीला तो एखादा नवा फरसाणाचा प्रकार वाटतो. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली की कळते, त्यात बहुधा गोमांसाचा अर्क असतो. तो नसला तर मासळीचा असतो, आणि दोन्ही नसले तरी लसूण असतोच. पाकीट फडताळात परत जाते. कुतूहल मात्र जात नाही.

हे कुतूहल नाहक आहे, असे मला वाटत नाही. व्यापाराच्या निमित्ताने आपली मंडळी दक्षिण कोरियाला पूर्वीपासून जातात. कोणी दोंगदेमुनच्या कापडबाजारात जातो, कोणी नामदेमुनला इमिटेशन दागिन्यांच्या घाऊक पेठेत. पुण्याजवळ रांजणगावात कोरियन कारखाना उभा राहिला तेव्हापासून तर कोरियन साहेबांना घरी जेवायला बोलावण्याचे प्रसंगही अनेकांवर आले. ही मंडळी तेथे काय खातात, असे विचारले तर उत्तर ठरलेले : खाकरा, सुकी भाजी, केळी आणि सोबत नेलेले पोह्यांचे पाकीट. म्हणजे सोल पाहिले, पण सोलचे अन्न दारातूनच परत पाठवले.

या उन्हाळ्यात आमच्या घरातून पाच जणांनी जायचे ठरले, तेव्हा उलट्या बाजूने विचार केला. आधी ताट ठरवायचे आणि मग शहर. ताट ठरवायचे ते घरातील सर्वांत काटेकोर व्यक्तीचे, म्हणजे सासूबाईंचे. त्यांचा चौविहार आहे, कंदमूळ वर्ज्य आहे आणि मध, बोळाचे लोणचे, बहुबीज हेही नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "तुम्ही जाऊन या. माझ्यामुळे तुमची ओढाताण नको." घरातील वडीलधारी माणसे असे म्हणतात तेव्हा ते सोसणे असते की सोडून देणे, हे कळत नाही. पण त्या घरी राहिल्या असत्या तर तो प्रवास आमचा राहिला नसता, एवढे मात्र सगळ्यांना कळत होते.

कोरियन स्वयंपाकाची अडचण प्रथम नीट समजून घ्यावी. मांस ताटात दिसते, ते टाळणे सोपे. जे दिसत नाही, तेच कठीण. तेथील बहुतेक रस्से सुकवलेल्या छोट्या मासळीच्या पाण्यावर उभे असतात. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचे पाणी पडते. पालकाच्या साध्या भाजीवर तिळाच्या तेलाबरोबर ठेचलेला लसूण येतो. तेथील वाढप्याला "मी शाकाहारी आहे" असे सांगितले तर तो नम्रपणे मान डोलावतो आणि मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा आणून ठेवतो. त्यात त्याची लबाडी नसते. त्याच्या मनात मासळीचे पाणी हा पदार्थ नसून चव असते, आपल्याकडे फोडणी असते तशी.

आणि तरीही याच देशात हजार-बाराशे वर्षे कांदा-लसणाविना चालत आलेले एक स्वयंपाकघर आहे. ते बौद्ध विहारांचे. कोरियन भाषेत त्याला 'साछाल उमसिक', म्हणजे विहाराचे अन्न, म्हणतात. त्यात मांस नाही, मासळी नाही आणि 'ओसिन्छे' म्हणजे पाच उग्र वनस्पतीही नाहीत. लसूण, कांद्याची पात, त्याच कुळातील आणखी दोन पाती आणि पाचवी एक वनस्पती, जी कोरियात उगवतही नाही. तिचे नाव चिनी ग्रंथांतून आले आणि अभ्यासक ते संस्कृत 'हिंगु' शब्दापर्यंत नेतात. होय, आपला हिंग! कांदा-लसूण सोडल्यावर आपण ज्याच्या आधारावर डाळ फोडणीला टाकतो, तोच हिंग त्यांनी कांद्या-लसणाच्या पंगतीत बसवून वर्ज्य केला. हे मी सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्या खूप वेळ हसत होत्या. हिंगाची डबी मात्र त्यांनी सामानात ठेवलीच.

हा फरक गमतीपुरता नाही. सगळे नियोजन त्यावरच अवलंबून आहे. त्यांचा नियम मनासाठी आहे : हे पदार्थ शिजवून खाल्ले तर वासना वाढते आणि कच्चे खाल्ले तर क्रोध, असे त्यांचे ग्रंथ सांगतात. आपला नियम जिवांसाठी आहे. कंदात अनंत जीव आहेत म्हणून तो उपटायचा नाही. त्यामुळे विहाराच्या ताटात लसूण येणार नाही याची खात्री धरता येते. पण मुळा, बटाटा, आले, कमळकाकडी, अळंबी ही सर्व तेथे मानाने येतात. ज्याला नियमामागचे कारण ठाऊक आहे, त्याला कोणता पदार्थ चालेल हे आधीच ओळखता येते. 'विहाराचे अन्न म्हणजे जैन अन्न' असे धरून चालणारा पहिल्याच वाटीला अडतो.

म्हणून आम्ही मुक्काम इन्सादोंगजवळ घेतला. मधल्या जुन्या शहराचा हा भाग. येथून चालत दहा मिनिटांत जोग्येसा हा मोठा विहार आहे, आणि त्याच्या समोरच 'बालू गोंगयांग' हे विहार-अन्नाचे भोजनालय आहे. कोरियातील सर्वांत मोठा बौद्ध संप्रदाय ते चालवतो. मिशलिनने सोलसाठी पहिली मार्गदर्शिका काढली, तेव्हा तिच्या २०१७ च्या आवृत्तीत या भोजनालयाला एक तारा मिळाला होता. मांस नाही, मद्य नाही, लसूण नाही आणि तरी तारा. हे आपल्या केटरिंगवाल्यांनी ऐकून ठेवण्यासारखे आहे. जागा आधी राखावी लागते. राखतानाच आम्ही कोरियन लिपीत यादी पाठवली : कंद नको, आले नको, अळंबी नको, मध नको, समुद्रशेवाळ नको. शेवाळाचे त्यांना नवल वाटले. बाकीचे त्यांनी शांतपणे लिहून घेतले.

दुपारचे जेवण घेतले, कारण रात्रीचा प्रश्नच नव्हता. प्रथम तांबड्या भोपळ्याची पेज आली, पिवळीधमक आणि किंचित गोड. मग सोया-पनीर, रानभाज्या आणि शेवटी कमळाच्या पानात बांधून वाफवलेला चिकट भात. त्यात चेस्टनट, वाल आणि लाल बोरे होती. पान उघडताच जो वास येतो तो आपल्याकडच्या हळदीच्या पानातील पातोळ्यांचा भाऊ शोभेल. एका भाजीवर 'देल्के' नावाच्या बियांचे वाटण होते. कारळ्याच्या चटणीची आठवण झाली, आणि सासूबाईंनी न विचारता दुसऱ्यांदा घेतले. सोया सॉस त्यांनी बाजूला सारला. सोयाबीन उकडून, त्याच्या विटा गवताने टांगून, मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवलेला तो रस. कोरियाचा हा मानबिंदू; युनेस्कोने २०२४ साली ही मुरवण्याची विद्या मानवजातीच्या वारशात नोंदवली. पण महिनोन्महिने मुरलेले आपल्याकडे किती चालते, हा प्रत्येक घराचा प्रश्न. आमच्या घरात तीन पिढ्यांची तीन उत्तरे निघाली आणि तिघांनीही एकमेकांच्या वाटीकडे पाहिले नाही.

'बालू' म्हणजे भिक्षूची वाट्यांची जोडणी. विहारात भिक्षू चार वाट्यांत जेवतात, कण उरू देत नाहीत, आणि जेवण संपल्यावर त्याच वाट्या पाण्याने विसळून ते पाणी पिऊन टाकतात. ताट धुऊन पिण्याची आपली रीत मुलांना जुनाट वाटत होती. ती तेथील माहितीपटात पाहिल्यावर एकदम आंतरराष्ट्रीय झाली! जंगसॉंग परगण्यातील बेक्यांगसा विहाराजवळ चुनजिनाम नावाच्या आश्रमात भिक्षुणी जॉंगक्वान राहतात. त्यांच्या स्वयंपाकावर २०१७ साली नेटफ्लिक्सवर एक भाग आला आणि पाश्चात्त्य जगातील नावाजलेले आचारी त्यांच्या दारी जाऊ लागले. ज्यांना चारऐवजी सहा दिवस आहेत त्यांनी एखाद्या विहारात मुक्काम करावा. २००२ च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी सुरू झालेली ही सोय आज देशभरातील अनेक विहारांत मिळते. सोलच्या वेशीवर, बुखानसान डोंगराच्या कुशीत, भिक्षुणींचा जिनक्वानसा विहार आहे. त्याच्या अन्नाची ख्याती मोठी आहे.

आता पेये. खरे सांगायचे तर चार दिवसांत ताटापेक्षा पेल्यानेच आम्हांला अधिक आनंद दिला.

कोरियात कोठेही बसलात की समोर पाणी येते, आणि पुष्कळदा ते पाणी नसून 'बोरीछा' असते : भाजलेले जव घालून उकळलेले फिकट तांबूस पाणी. उकाळलेले पाणी पिणाऱ्याला परदेशात पाण्याचीच मोठी चिंता असते. उपवासात ते चालणार नाही हे उघड आहे, पण एरवी तेथे उकाळलेले पेय न मागता मिळते. तसेच 'सुंगन्युंग' : भाताच्या भांड्याला लागलेल्या खरपुडीत पाणी घालून उकळलेली पेज. कोकणातल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

इन्सादोंगच्या गल्ल्यांत जुन्या लाकडी घरांतील चहागृहे आहेत. तेथे चहा म्हणजे चहापत्तीच असे नाही. पाच चवींच्या बोरांचे 'ओमिजा' हे गुलाबी पेय आंबट, गोड, खारट, कडू, तिखट अशा साऱ्या चवी एका घोटात देते. लाल बोरांचा 'देछुछा' दाट, जवळजवळ खिरीसारखा. युजा या लिंबाचा मुरांबा गरम पाण्यात कालवून 'युजाछा' होतो, पण त्यात मध असतो की साखर, हे विचारूनच घ्यावे. 'सुजॉंगग्वा' हे दालचिनीचे थंड पेय आमच्या सुनांच्या पिढीला फार आवडेल; मात्र त्यात ओले आले उकळलेले असते. सासूबाईंनी विचारले, "यांना सुंठ ठाऊक नाही का?" ठाऊक आहे, पण या पेयात ओले आलेच पडते. 'सिख्ये' हे भाताचे गोड, थंड पेय. त्यात जवाला मोड आणून, वाळवून केलेले पीठ असते. मोड ज्यांना वर्ज्य, त्यांनी ते सोडावे. आणखी एक सूचना : 'सिख्ये' फिकट पांढुरके, आणि 'मागॉल्ली' ही तांदळाची दारूही पांढरी, ताकासारखी. दोन्ही बाटल्या दुकानात फार दूर ठेवलेल्या नसतात. मुलांना फ्रीज उघडायला पाठवताना दोन्ही नावे कोरियन लिपीत ओळखता आली पाहिजेत. बाजारातल्या डबाबंद गोचुजांगमध्येही पुष्कळदा टिकण्यासाठी मद्यार्क घातलेला असतो. लेबलावर 'जुजॉंग' असा शब्द शोधावा.

तिसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या उत्तरेला सॉंगबुक-दोंगला गेलो. कादंबरीकार यी ते-जुन यांच्या १९३० च्या दशकातील घरात आज 'सुयॉन सानबांग' नावाचे चहागृह आहे. अंगणातल्या झाडाखाली बसून चहा घ्यावा आणि मग चढण चढून गिल्सांगसा विहारात जावे. हा विहार पूर्वी विहार नव्हता. 'देवॉंगाक' नावाचे ते सोलमधील बडे खानपानगृह होते. मंत्री आणि धनिक तेथे रात्री मद्य आणि गायनाच्या मैफिली करीत. मालकीण किम यंग-हान. भिक्षू बॉपजॉंग यांचे 'मुसोयू' हे पुस्तक तिच्या वाचनात आले. मुसोयू म्हणजे काहीही आपले म्हणून न ठेवणे. आपल्या भाषेत एकच शब्द पुरेल : अपरिग्रह. तिने सारी मालमत्ता त्यांना देऊ केली. ते अनेक वर्षे नाही म्हणत राहिले. ती देण्याचा हट्ट सोडीना आणि ते न घेण्याचा. अखेर १९९७ साली तेथे विहार उघडला.

त्या पुस्तकातील मुख्य लेखाची सुरुवात गांधीजींच्या एका प्रसंगाने होते : १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना मार्सेच्या जकात अधिकाऱ्यांसमोर त्यांनी आपल्या जवळच्या मोजक्या वस्तू सांगितल्या, तो प्रसंग. गांधीजींच्या विचारांवर मुंबईच्या एका जवाहिऱ्याचा, श्रीमद् राजचंद्रांचा, केवढा प्रभाव होता हे आपल्या वाचकांना सांगायला नको. जव्हेरी बाजारातून निघालेली एक गोष्ट सोलच्या डोंगरावर अशी भेटावी, याचे मला अप्रूप वाटले. बॉपजॉंग २०१० साली गेले. आपली पुस्तके यापुढे छापू नयेत, असे त्यांनी जाताना सांगून ठेवले होते. माझे यजमान पक्के हिशेबी. ते विहाराच्या पायरीवर बसून बराच वेळ त्या जागेचा आजचा भाव काढत होते. नंतर ते गप्प बसले.

ग्वांगजांग बाजार मात्र सर्वांना भावला. १९०५ साली, जपानी पकड आवळत असताना, कोरियन व्यापाऱ्यांनी भांडवल एकत्र करून ही पेठ उभी केली. वर रेशीम आणि 'हानबोक' पोशाखांची दुकाने, खाली खाण्याची गर्दी. येथील मुख्य पदार्थ 'बिंदेत्तॉक' : भिजवलेले सालीविरहित मूग दगडी जात्यात वाटून भरपूर तेलात तळलेले जाड धिरडे. वाटण घरच्यासारखेच, पण त्यात किमची आणि पात असते, बहुधा डुकराचे मांसही, आणि शेजारच्या तव्यावर मांसाचे गोळे त्याच तेलात. आम्ही खाल्ले नाही. उभे राहून जाते फिरताना पाहिले, आणि बाजारातल्या धान्याच्या दुकानातून 'नोक्दु', म्हणजे सोललेले मूग, अर्धा किलो घेतले. मुक्कामाला छोटे स्वयंपाकघर होते. तवा आणि भांडी आम्ही घरून नेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी त्याच मुगाची, त्याच जाडीची धिरडी केली. तेल तिळाचे, कोबी बारीक चिरून आणि डबीतला हिंग. घरमालकीण बाईंना एक दिले. त्यांनी वासाने प्रथम भुवया उंचावल्या, मग खाल्ले आणि मग आणखी एक मागितले. पाचवी उग्र वनस्पती त्यांच्या पोटात गेली, हे त्यांना सांगायचे राहिले!

गोडाचे काम सोपे आहे. इन्सादोंगच्या टोकाला नाकवॉन भागात 'त्तॉक' म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांची जुनी दुकाने आहेत. पांढरी 'बेकसॉल्गी' आणि भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेली 'इन्जॉल्मी' यांत साधारणपणे अंडे वा दूध नसते. रस्त्यावर 'बुंगॉप्पांग' नावाची, चवळीसारख्या लाल कडधान्याचे गोड पुरण भरलेली पोळी मिळते, पण तिचा आकार माशाचा. त्यात मासा नाही हे मुलांनी मला तीनदा समजावले. मी त्यांना यशोधर राजाच्या पिठाच्या कोंबड्याची कथा सांगितली. वाद लांबला आणि मिटला नाही. शेवटी शेवंतीच्या फुलाच्या आकाराची, त्याच पुरणाची 'गुख्वाप्पांग' मिळते असे समजले. पिठात अंडे नसल्याची खात्री करून ती घेतली.

चौविहार असणाऱ्यांनी महिना निवडताना सूर्याकडे पाहावे. डिसेंबरात सोलमध्ये सव्वापाचलाच सूर्य मावळतो आणि दुपारचे जेवण आटोपते न आटोपते तोच दिवस संपतो. ऑक्टोबरच्या मध्यावर सहाच्या आत. मेच्या मध्यावर मात्र साडेसात उलटतात. त्यामुळे संध्याकाळचे जेवण निवांत होते. चातुर्मासही दूर असतो. शिवाय बुद्धजन्माचा सण बहुधा त्याच महिन्यात येतो. रस्तोरस्ती कागदी कंदील असतात आणि त्या दिवशी विहारांत येणाऱ्यांना भात-भाजीचा 'बिबिम्बाप' मोफत वाढतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, म्हणून पहिल्या सकाळी नवकारशीची वेळ आपल्या शरीराला मध्यरात्रीची वाटते. पहिला दिवस हलका ठेवावा. ताजी फळे, भाज्या, बियाणे सोबत नेऊ नयेत, विमानतळावर काढून घेतात. डाळी, कणीक संपली तर इतेवॉन भागातील परदेशी मालाच्या दुकानांत मिळते.

कोरियन लिपीतील एक पत्र जवळ असावे : त्यावर मांस, मासळी, अंडे, लसूण, कांदा, आले, मुळा, बटाटा आणि शेवटी 'प्पे जुसेयो', म्हणजे 'कृपा करून वगळा'. तोंडाने सांगायची वेळ आली तर नुसता 'ओसिन्छे' शब्द उच्चारून मान हलवावी. वयस्क वाढप्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. तरुणांना तो शब्द फारसा माहीत नसतो. त्यांना पत्र द्यावे.

परतताना बॅगेत एकच खाण्याची वस्तू होती : 'मिसुगारू'. जव, तांदूळ, काळे सोयाबीन, तीळ भाजून दळलेले पीठ, म्हणजे सातूच्या पिठाचा दूरचा नातलग. तेथे ते थंड दुधात कालवून देतात. आमच्याकडे द्विदळाचा विचार असल्यामुळे सासूबाई दूध आधी पुरते तापवतात, मग निवू देतात आणि त्यात गूळ घालतात. पाकीट जून संपायच्या आत संपले. आता त्या तीच धान्ये घरी भाजून गिरणीत देतात, आणि गिरणीवाला दर वेळी विचारतो की हे नेमके कशाचे पीठ.